फवारणीआधी ओळख: आय-नॅचरलिस्ट ॲपविषयी

नागपुरातील अंगणांत आणि गच्च्यांवर लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि जागा असेल तर एखादे संत्र्याचे झाड असतेच, आणि पावसाळ्यात नवती फुटली की त्यांवर अनोळखी किडे दिसू लागतात. अशा वेळी कीटकनाशक आणण्याआधी आय-नॅचरलिस्ट हे मोफत आणि जाहिराती नसलेले ॲप वापरावे, असा माझा आग्रह आहे.

छायाचित्र दिले की ॲप काही नावे सुचवते, परंतु तो यंत्राचा अंदाज असतो. खरे मोल आहे ते त्यानंतर इतर जाणकार छायाचित्र पाहून देतात त्या मतांचे. किमान दोघांनी ओळख दिली आणि दोन-तृतीयांशांहून अधिक मते एकाच जातीवर जुळली, तरच ती ओळख पक्की धरली जाते. फुलपाखरांचे उत्तर सहसा लवकर मिळते. मावा, तुडतुडे आणि फुलकिडे मात्र अनेकदा कुळापर्यंतच ओळखले जातात.

ही ओळख का महत्त्वाची, हे जास्वंदीवरच्या पांढऱ्या पुंजक्यांवरून कळते. ते पिठ्या ढेकूण आहेत असे समजून फवारा मारला जातो, पण क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळीही तशाच पांढऱ्या मेणतंतूंनी झाकलेली असते आणि ती पिठ्या ढेकणांवरच जगते, त्यामुळे फवाऱ्याने आपल्या बाजूचा किडाच आधी मरण्याची शक्यता असते. वांग्यावर याच्या उलट घडते: सात ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो, तर अठ्ठावीस ठिपक्यांचा पाने खरवडतो. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी तर फुलपाखराची असते. वाढल्यावर ती हिरवी होते, आणि मोठ्या झाडावर अशा चार अळ्या असल्या तरी मी त्यांना हात लावू देणार नाही.

छायाचित्र घेताना पान उलटून पाहावे. संत्र्यावरची कोळशी वरच्या बाजूला काळी दिसते, पण ती बुरशी असते. तिला पोसणारा चिकट गोड स्राव सोडणारी काळी माशी पानाखाली असते. वरून, बाजूने आणि झाडासह अशी छायाचित्रे द्यावीत, कारण झाड कोणते हे कळले की जाणकारांचा शोध अर्धा होतो. घराचे ठिकाण उघड होऊ नये म्हणून नोंद करताना ते धूसर ठेवण्याचा पर्याय निवडावा.

उणीव एवढीच की, हे ॲप उपाय सांगत नाही. संत्र्याच्या नवतीवरचा किडा सिट्रस सायला हा रस शोषणारा बारीक किडा ठरला, तर तो ग्रीनिंग हा झाडांचा रोग पसरवतो, त्यामुळे बाग असणाऱ्यांनी ती ओळख घेऊन थेट अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.