दांडिया बाजारातला रविवारचा गीतावर्ग : सहा महिने जाऊन मग लिहितेय

बडोद्यात ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं आहेत आणि "हे सगळं आता कशाला करायचं" हा विषय दर सणाला निघतो त्यांच्यासाठी लिहितेय, थोडं लांबलंय.

माझी मुलगी १९ वर्षांची, युनिव्हर्सिटीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी घरी सत्यनारायण होता, एका ऑनलाइन सर्व्हिसवरून गुरुजी बुक केले होते (नाव लिहीत नाही), ते उशिरा आले, पाऊण तासात सगळं उरकलं, मधे दोनदा फोन घेतला, आणि हिने विचारलं की आत्ता संकल्पात काय म्हणालात त्याचा अर्थ सांगाल का, तर म्हणाले "ताई, मला अजून दोन घरी जायचंय". झालं, त्यानंतर पोरगी देवघराकडे फिरकली नाही आणि खरं सांगते, मला राग तिचा नाही आला.

मग शेजारच्या काकूंनी हा वर्ग सांगितला. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी ८ ते साडेनऊ, महिना ३०० रुपये. शिकवणारे संस्कृतचे रिटायर्ड प्राध्यापक, सगळे नुसतं सर म्हणतात. पंधरा-वीस मुलं, बरीचशी आपली मराठी, चार-पाच गुजराती, म्हणून सर दोन्ही भाषा मिसळून बोलतात. पालक मागे सतरंजीवर बसू शकतात, मी बसते.

पहिल्या दिवशी सरांनी गीता शेवटाकडून काढली. १८ व्या अध्यायातला ६३ वा श्लोक फळ्यावर लिहिला, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु". म्हणजे ७०० श्लोक संपत आलेत, कृष्णाचं सांगून झालंय आणि तो अर्जुनाला म्हणतो की ह्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. माझ्या मुलीने लगेच हात वर केला, म्हणाली सर, पण तीनच श्लोक पुढे "मामेकं शरणं व्रज" आहे, मग मोकळीक कुठे राहिली? (मोबाईलवर पुढचं वाचत होती.) मला वाटलं आता बोलणी बसणार. सर खूश झाले, म्हणाले "बाळ, पुढच्या रविवारी ह्यावर ज्ञानेश्वर काय म्हणतात ते वाचून ये, आणि पटलं नाही तर ते पण सांग".

घरी आल्यावर आमच्या सासूबाईंची ज्ञानेश्वरी निघाली, लाल फडक्यातली. शके १२१२ ची मराठी, हिला पाच ओव्यांतली एक कळेना, मग आजी शेजारी बसून सांगायची की "अवधारिजो" म्हणजे नीट लक्ष देऊन ऐक. लिहिणारा पोरगा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचाच होता हे कळल्यावर ती पुस्तक मिटून नुसती बघत बसली होती.

सगळ्यात मोठी गोष्ट तिसऱ्या महिन्यातली. ९ व्या अध्यायातला ३२ वा श्लोक आला, ज्यात स्त्रिया, वैश्य, शूद्र यांचं नाव घेतलंय आणि आधी "पापयोनि" (पापी जन्माचे) हा शब्द आहे. मुलं भडकली, मुली तर जास्तच. काही भाष्यकार तो शब्द पुढच्या तिघांना लावतात, काही वेगळा धरतात, हे सरांनी सांगितलं पण तेवढ्यावर सारवासारव केली नाही. पुढच्या रविवारी वर्ग घेतलाच नाही, सगळ्यांना कमाटीबागेत बोलावलं, संकल्पभूमीपाशी, म्हणजे आंबेडकरांच्या स्मारकापाशी. तिथे उभं राहून सांगितलं की १९१३ साली सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला गेले, १९१७ ला महाराजांच्या नोकरीत इथे आले तर या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले तर तिथूनही हाकललं, आणि मग ते ह्या बागेत झाडाखाली येऊन बसले. वय २६. सर म्हणाले गीता शिकायची तर हे पण शिकायचं, हे आपल्याच लोकांनी केलं. कोणी बोलेना. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, एरवी सगळ्यात जास्त गडबड करणारा, पाठ वळवून उभा होता.

बडोद्यात जन्म गेला माझा, कमाटीबागेत हजारदा गेलेय, माझ्या मुलांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. जे आई-बाप म्हणतात की असलं दाखवलं तर मुलांचा धर्मावरचा विश्वास उडेल, त्यांना मी एवढंच सांगेन की माझी मुलगी त्यानंतर एकही रविवार चुकलेली नाही.

अरविंदबाबूंच्या (योगी अरविंद घोष) घरी पण नेलं होतं, जवळच आहे. लहानपण विलायतेत गेलेला माणूस १८९३ ला विशीत इथे आला आणि संस्कृत इथे बडोद्यात बसून शिकला, मुलांना ते फार आवडलं.

कमी काय आहे ते पण लिहिते. झेरॉक्स नोट्स इतक्या फिकट असतात की वाचवत नाहीत. गुजराती मुलांना ज्ञानेश्वरीच्या वेळी फार कष्ट पडतात, त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी. आणि पाळीत देवघरात का जायचं नाही हा प्रश्न मुलींनी विचारला तेव्हा सर प्रामाणिकपणे म्हणाले की गीतेत असं काही नाही, ही रूढी आहे, पण पुढे त्यांना बोलता आलं नाही, विषय तिथेच राहिला. एखादी बाई शिकवायला असती तर मुली मोकळ्या झाल्या असत्या. मी सरांना हे बोललेय, ते शोधतायत.

ह्या वर्षी गणपतीची प्राणप्रतिष्ठा मुलीने केली, गुरुजी बोलावले नाहीत, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत मोठ्याने वाचत केली, दीड तास लागला, मोदक गार झाले, सासूबाई शेवटपर्यंत पाटावर बसून ऐकत होत्या.

पाचपैकी साडेचार. नाव नोंदवायला रविवारी साडेसातलाच पोचा, आठनंतर जागा नसते, गाडी लांब लावा कारण पोळीत (अरुंद गल्लीत) अडकते, आणि जिना लाकडी नि उभा आहे, म्हाताऱ्यांना हात धरून न्या.