एसएसडी गेली नव्हती: रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणि लिनक्स मिंट, काही महिने वापरल्यानंतर

ज्या कॉम्प्युटरवर ग्रबचा, म्हणजे कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, मेनू येतो, त्याची एसएसडी पूर्ण मेलेली नसते. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानाने मला नेमकं उलट सांगितलं आणि नवी एसएसडी, वर विंडोज टाकून देणं असं मिळून ५,८०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. जुना डेटा काढायचे पैसे वेगळे. माझं काम शेवटी ४० रुपयांच्या सेलमध्ये झालं.

मशीन तुमच्या ओळखीचंच आहे. ऑफिसांतून लीज संपल्यावर बाहेर पडणारा सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा डेस्कटॉप, छोटं कॅबिनेट, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान) एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्यामुळे अशी मशीन स्वस्तात मिळू लागली होती. मी गणपतीच्या आधी घेतलं, १५,००० रुपयांच्या आत. विक्रेत्यानेच लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. मिंटच्या या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तोवर ऑपरेटिंग सिस्टीमपायी एक रुपयाही जाणार नाही, हा माझा हिशेब होता. तो आजही बरोबर आहे.

माझं काम मराठी मुद्रितशोधनाचं आणि पानं लावण्याचं. लिब्रे ऑफिस, पीडीएफ, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, एक जुना प्रिंटर. हे सगळं पहिल्या दिवसापासून चाललं. प्रिंटरला ड्रायव्हर शोधावा लागला नाही. पंखा ऐकू येत नाही. वेगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण कधी थांबून राहावं लागलं नाही.

लक्षण मात्र बरंच आधीपासून दिसत होतं. सकाळी मशीन सुरू केलं की कोपऱ्यातलं घड्याळ काल रात्रीची वेळ दाखवायचं. रात्री दहा चाळीसला बंद केलं असेल तर सकाळी आठ वाजता तिथे दहा चाळीसच्या आसपासची वेळ. वायफाय जोडलं गेलं की काही सेकंदांत घड्याळ बरोबर. एकदा वायफाय यायच्या आत ब्राउझर उघडला तर साइटचं प्रमाणपत्र चालत नाही म्हणून इशारा आला, कारण मशीनच्या मते अजून काल होता आणि ते प्रमाणपत्र आजपासून लागू होणारं होतं. मी विक्रेत्याला फोन केला. "ताई, नेटला जोडलं की वेळ आपोआप सेट होते ना? मग काही प्रॉब्लेम नाही," असं उत्तर मिळालं. प्रॉब्लेम होता. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, ज्याला सगळे सीमॉस बॅटरी म्हणतात आणि जो वीज नसताना घड्याळ आणि मशीनच्या सेटिंग जपतो, तो संपत आला होता. मिंट शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवतं आणि सुरू होताना त्याच्या मागे जात नाही. त्यामुळे घड्याळ मूळ तारखेवर गेलं तरी २०१६ सालातली जानेवारी वगैरे न दिसता कालची रात्र दिसायची. चांगली सोय आहे, पण तिने आजार झाकला.

हा सेल मुख्यतः मेन सप्लाय बंद असताना खर्च होतो. प्लग चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लायमधून थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. आमच्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं हे घरात सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि ते मी बदलणार नाही. पावसाळ्यात नौपाड्यात वीज कशी येते-जाते हे पाहिलेल्या कुणीही बदलू नये.

गुढीपाडव्याच्या सुमारास एका सकाळी स्क्रीनवर आधी तारीख-वेळ सेट नसल्याचा संदेश आला आणि पुढे जायला एफ१ दाबा असं सांगितलं. दाबलं. ग्रबचा मेनू आला. मिंट निवडलं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग काळ्या पडद्यावर मजकूर: रूट फाइल सिस्टीमची (डिस्कवर मिंट जिथे असतं त्या विभाजनाची) वाट पाहणं सोडून दिलं, अमुक यूयूआयडी (विभाजनाचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही, शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) जातोय. खाली बिझीबॉक्स आणि कंसात इनिटरॅमएफएस असं लिहिलेला प्रॉम्प्ट. आदल्या संध्याकाळी अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आला होता, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर. ग्रबच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांतून जुना कर्नल निवडला. तेच. म्हणजे कर्नल निर्दोष.

दोन दिवसांत एका दिवाळी अंकाची, हो, एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या दिवाळी अंकाची, नमुना पानं द्यायची होती. रिक्षात मांडीवर कॅबिनेट घेऊन गेले. काउंटरवर मी तिन्ही गोष्टी सांगितल्या: घड्याळ मागे पडतं, सकाळी एफ१ मागितलं, मग यूयूआयडी सापडत नाही म्हणाला. त्यांनी त्यांचा पेनड्राइव्ह लावला, पेनड्राइव्हवरूनच चालणारी लाइव्ह सिस्टीम उघडली, डिस्कच्या यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसला आणि निकाल दिला. "एसएसडी डेड आहे मॅडम, डिटेक्टच होत नाही. आणि लिनक्स का वापरता, विंडोज टाकून देतो." मी विचारलं, मग ग्रबचा मेनू कुठून येतो? उत्तर नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बघा म्हटलं, तर चेकिंग चार्ज ३५० रुपये भरा आणि ठेवून जा, दोन दिवसांनी सांगतो. ३५० रुपये भरून मशीन परत घरी आणलं. ते ३५० मला अजूनही खटकतात, कारण तपासणी झालीच नव्हती.

घरी बायोसमध्ये गेले तर स्टोरेजच्या पानावर एसएसडी नावानिशी, आकारासकट दिसत होती. बायोसला दिसते आणि लिनक्सला दिसत नाही. हे कोडं पुढे बरोबर वाटेवर नेतं.

बूट होताना काय घडतं ते एकदा नीट पाहिलं की सगळं सुटतं. ग्रब एसएसडीवर असतो. मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, तो वाचतं, आणि ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरू होतानाची तात्पुरती छोटी सिस्टीम) मेमरीत आणतो तेही फर्मवेअरच्याच मदतीने. इथपर्यंत लिनक्सच्या ड्रायव्हरांचा संबंधच येत नाही. त्यानंतर कर्नल ताबा घेतो आणि रूट विभाजन स्वतःच्या ड्रायव्हरने, यूयूआयडीवरून शोधू लागतो. माझ्याकडे पहिला टप्पा पार पडला आणि दुसरा अडला, म्हणजे डिस्क मेलेली नव्हती. ती कर्नलपासून लपलेली होती.

कोणी लपवली हे कर्नलने स्वतः लिहून ठेवलं होतं. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह माझ्याकडे होताच. त्यावरून सुरू करून टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवलं आणि एएचसीआय (डिस्क जोडण्याची साधी पद्धत) हा शब्द असलेल्या ओळी तेवढ्या गाळून घेतल्या. एक ओळ स्वच्छ सांगत होती: एक रिमॅप केलेलं (कंट्रोलरच्या मागे गेलेलं) एनव्हीएमई उपकरण सापडलं आहे, ते वापरायचं असेल तर बायोसमध्ये रेड (अनेक डिस्क एकत्र बांधायचा) मोड बदलून एएचसीआय करा. इतकं स्पष्ट. दुकानातल्या पेनड्राइव्हवरच्या टर्मिनलमध्येही ही ओळ त्या वेळी दिसली असती.

म्हणजे झालं असं. या मशीनचं फॅक्टरी डिफॉल्ट आहे स्टोरेज मोड रेड. विक्रेत्याने मिंट टाकताना तो एएचसीआय केला होता, कारण त्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नसती. सेल पूर्ण संपला, बायोसच्या सेटिंग मूळ पदावर आल्या, मोड पुन्हा रेड झाला. रेड मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई एसएसडीला आपल्या मागे घेतो आणि लिनक्सला ती स्वतंत्र उपकरण म्हणून दिसत नाही. साधी साटा (जुन्या पद्धतीने जोडायची) एसएसडी असती तर हे झालं नसतं, ती या मोडमध्येही लिनक्सला दिसते. एएचसीआय निवडलं, तारीख घातली, सेव्ह केलं, मिंट सुरू झालं. एकही फाइल हलली नव्हती.

आता माझी खरी तक्रार. एकच डिस्क बसलेल्या मशीनला रेड हे डिफॉल्ट कशासाठी? रेड म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क एकत्र बांधण्याची सोय. घरी, छोट्या ऑफिसात, शाळेत जाणाऱ्या या हजारो मशीनमध्ये दुसरी डिस्क नसते. आणि ज्या सेटिंगवर कॉम्प्युटर सुरू होणं अवलंबून आहे ती ४० रुपयांच्या सेलच्या भरवशावर ठेवायची, आणि तो सेल कुठे, तर हार्डडिस्कच्या पिंजऱ्याखाली! झाकण काढा, पिंजऱ्याचे स्क्रू काढा, केबल बाजूला करा, मग टॉर्च लावल्यावर तो दिसतो. ज्या वस्तूचं आयुष्य काही वर्षांचंच आहे हे बनवणाऱ्याला माहीत असतं, ती झाकण उघडल्याबरोबर हाताला लागली पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा मागच्या बाजूला उघड्यावर असतो.

सेल गोखले रोडवरच्या घड्याळाच्या दुकानातून घेतला. पॅकिंगवरची तारीख बघून घ्या, सुटे ठेवलेले घेऊ नका. जुना मल्टिमीटरवर जेमतेम सव्वा व्होल्ट दाखवत होता, नवा तीनच्या थोडा वर. प्लग काढून, धातूच्या कॅबिनेटला हात लावून मग काम करा. क्लिप नखाने हलकी दाबली की सेल उचलला जातो, स्क्रूड्रायव्हरने उपटू नका, खाली बारीक पार्ट असतात. अधिक चिन्ह वर. नंतर बायोसमध्ये पुन्हा तारीख आणि पुन्हा एएचसीआय, कारण सेल काढल्यावर सगळं परत डिफॉल्टला जातं.

बूट रिपेअर चालवा असा सल्ला बरेच जण देतात. ते टूल मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर असतं आणि ग्रब खरोखर मोडलेला असेल तर उपयोगी आहे. इथे दुरुस्त करायला डिस्कच दिसत नव्हती. मिंट पुन्हा टाकण्याचंही तेच. ज्यांच्याकडे मिंटसोबत विंडोजही आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची: विंडोज रेड मोडमध्ये टाकलेलं असेल तर थेट एएचसीआय करू नका, विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग सेफ मोड काढा.

हे सगळं त्या आठवड्यात लिहिलं तेव्हा मी या मशीनला पाचपैकी दोन दिले होते. आता बदलतेय. सेल बदलल्यापासून रोज रात्री बटण बंद असतं, मध्ये एकदा दिवसभर वीज नव्हती, तरी सकाळी वायफायच्या आधीच घड्याळ बरोबर असतं. इशारे गेले. मशीन म्हणून चार. मिंटला पूर्ण पाच, कारण बिघाडाचं कारण आणि उपाय दोन्ही त्याने स्वतः लिहून दाखवले.

विक्रेत्याला मात्र दोनच. सहा-सात वर्षं वापरलेलं मशीन विकताना सेल नवा घालणं हे त्याचं काम आहे. पुन्हा फोन केला तेव्हा "सेल वॉरंटीत येत नाही ताई" एवढंच बोलला. मी ४० रुपये मागत नव्हते. मी घड्याळाबद्दल फोन केला होता तेव्हाच सेल बदला म्हणाला असता तर माझे दोन दिवस आणि नमुना पानांची तारीख वाचली असती. त्याला हे मेलवर लिहून कळवलंय, बायोसच्या पानाचा फोटोही जोडलाय. तुम्ही असं मशीन घेत असाल तर पैसे देण्याआधी काउंटरवरच प्लग काढायला सांगा, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, परत लावून बायोस उघडा. तारीख मागे गेलेली दिसली तर सेल तिथेच बदलून घ्या, आणि स्टोरेज मोड काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मी चिकटवलंय.