जॉय डिव्हिजन: 'अननोन प्लेझर्स' की 'क्लोजर'?

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या या दोन्ही अल्बमांत जेमतेम वर्षभराचं अंतर, निर्माता एकच, मार्टिन हॅनेट. तरी नाद पार बदललेला.

'अननोन प्लेझर्स' (१९७९) स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत झाला. रंगमंचावर सुसाट आणि कर्कश वाजणाऱ्या या मँचेस्टरच्या पोरांना हॅनेटने सुटंसुटं केलं. स्टीफन मॉरिसच्या ड्रमचा ठोका न् ठोका कोरडा, वेगळा उमटतो. पीटर हुकचा बास (खालच्या सुरांची गिटार) वरच्या पट्टीत जाऊन चालच धरतो. बर्नार्ड समनरची गिटार मध्येच ओरखडा काढून जाते. लिफ्टची घरघर आणि काच फुटल्याचा आवाजही ऐकू येतो. हुक आणि समनरला हे तेव्हा अजिबात रुचलं नव्हतं. मला मात्र वाद्यांमधली ती मोकळी जागाच फार आवडते.

'क्लोजर' लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओतला. गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये वारला, अल्बम जुलैत आला. इथे सिंथेसायझर पुढे सरकतो. पहिल्याच गाण्यात हुकने गिटार घेतली, समनरने बास. शेवटची दोन गाणी तर इतकी संथ, की प्रत्येक सूर विरेपर्यंत ऐकावा.

ओळख पहिल्या अल्बमपासून करून घ्या. पण एकच ठेवायचा तर मी 'क्लोजर' ठेवेन, त्या शेवटच्या दोन गाण्यांसाठी.