ज्युनियर केजीच्या टीचरचा दूरशिक्षणातला डिप्लोमा: चौदा महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकते. या डिप्लोमानं माझा पगार एका रुपयानंही वाढलेला नाही, आणि नोकरी तर आधीपेक्षा अवघड झाली आहे. तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही.

मी कराडला एका खाजगी शाळेत ज्युनियर केजीला शिकवते. नऊ वर्षं झाली. मराठीत बी.ए., मग लग्न, मग मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर तिथंच जागा निघाली म्हणून लागले. बालशिक्षणाचं शिक्षण शून्य. गाणी येत होती, आवाज मोठा होता, त्यावर नऊ वर्षं निघाली. गेल्या वर्षी जुलैत बालसंगोपन आणि शिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. खालच्या तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणी शिकणाऱ्या चार जणींकडून मी जशाच्या तशा ऐकल्या आहेत.

वेळेचं गणित प्रवेशाआधी करा. मी नंतर केलं. अभ्यासक्रम ३२ श्रेयांकांचा (क्रेडिट्स). एका श्रेयांकाला ३० तास अभ्यास धरतात, म्हणजे ९६० तास. वर्षात संपवायचं तर रोज दोन तास अडतीस मिनिटं, दिवाळी-गणपती धरून. मला मिळायचे पहाटे पाच ते सहा, आणि शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर दोन तास. डिसेंबरची परीक्षा आमच्या गॅदरिंगच्या तालमीत आली, मी बसलेच नाही. जूनमध्ये दोन पेपर दिले, दोन्ही सुटले. एक पेपर आणि प्रकल्प बाकी आहे. मुदत वाढवून मिळते, त्यामुळे 'एका वर्षात डिप्लोमा' या जाहिरातीनं घाबरूही नका आणि भुलूही नका.

पुस्तकं दोन महिने उशिरा आली. मराठीत नाहीत, हिंदी घ्या नाहीतर इंग्रजी. मी हिंदी घेतली आणि पस्तावले, कारण 'सूक्ष्म पेशीय विकास' हे वाचून मला आधी जीवशास्त्र आठवलं. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवल्यावर कळलं, बोटांच्या बारीक हालचालींबद्दल चाललंय. स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे, ३० टक्के गुण त्यांचेच. ते जमा केल्याची पोच जपून ठेवा. माझ्या एका स्वाध्यायाचे गुण पाच महिने दिसतच नव्हते, शेवटी पोच दाखवल्यावर चढले. परीक्षाकेंद्र साताऱ्याला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं ते तेवढं जड गेलं नाही.

आता खरं काय मिळालं ते.

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याचा प्रयोग पुस्तकात आहे. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी, आधी मुलाला विचारायचं, सारखं आहे ना? मग एकातलं उंच, अरुंद भांड्यात ओतायचं आणि परत विचारायचं, जास्त कुठं? सहा-सात वर्षांखालची बहुतेक मुलं उंच भांड्याकडे बोट दाखवतात. मी डब्याच्या सुट्टीत स्टीलचे दोन पेले आणि तेलाची रिकामी बाटली घेऊन बसले. पहिल्या पाच जणांनी पुस्तकातल्यासारखंच केलं. एक तर म्हणाली, "टीचर, बाटलीत लई झालं!" परत पेल्यात ओतल्यावर, "आता सारखं." जणू मी जादू केली. सहावा मात्र गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही परत विचारलं, म्हणजे माझं पहिलं चुकलं होतं काय?"

मी रात्री हे पुन्हा पुन्हा आठवत होते. पुढं वाचताना सापडलं की एडिंबर्गच्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७० च्या दशकात पियाजेच्या प्रयोगांवर असाच आक्षेप घेतला होता: मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा मूल पाण्याकडं नाही, विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून उत्तर बदलतं. माझ्या वर्गातल्या पावणेपाच वर्षांच्या मुलानं ते डब्याच्या सुट्टीत सांगून टाकलं. नऊ वर्षं मी "नक्की का? परत सांग बघू" म्हणत आले, आणि बरोबर उत्तर देणाऱ्या किती पोरांना मी बदलायला लावलं असेल कुणास ठाऊक.

त्यामुळेच नोकरी अवघड झाली. पूर्वी चार रेघी वही भरून घेणं म्हणजे काम झालं असं मला खरंच वाटायचं. आता चार वर्षांच्या मुलाची मूठ पेन्सिलीवर आवळलेली दिसली की दिसतं, हाताची तयारी नाहीये. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा आहे, खेळातून शिकण्याचा. आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावर 'नवीन धोरणानुसार' असं मोठ्या अक्षरात छापलंय, आणि ऑगस्टअखेर कॅपिटल ए ते झेड लिहून झालं पाहिजे असा तोंडी आदेशही आहे. मी लेखनाच्या तासातली पंधरा मिनिटं काढून मणी ओवणं, रव्याच्या ताटात बोटानं गिरवणं, मटार सोलणं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी एक आई फाटकात उभी. "मॅडम, एवढी फी भरून आम्ही पोराला शेंगा सोलायला पाठवतो काय?" माझ्याकडं तेव्हा उत्तर तयार नव्हतं. पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं, ते त्यांना पटलं नाही आणि खरं तर ते म्हणताना माझंही मला पटलं नाही. पालकांशी कसं बोलायचं यावर अख्खा घटक आहे, पण त्यातले पालक फार समजूतदार आहेत.

आणखी एक खटकलं. किंडरगार्टन सुरू करणारा फ्रोबेल आहे, मारिया माँटेसोरी आहेत, त्यांचं १९०७ चं रोममधलं बालगृह आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मात्र दोन-चार ओळींत. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी पाड्यांत अंगणातच बालवाडी भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. पाने, बिया, शंखशिंपले हीच साधनं. रबरी ठोकळ्यांचा हजारोंचा संच मागवायच्या आधी हे वाचायला हवं होतं. अनुताई स्वतः नोकरी करत रात्रशाळेत शिकून १९३७ ला मॅट्रिक झाल्या, हे कळल्यापासून पहाटे पाचच्या गजराला मी कमी शिव्या देते.

प्रवेश घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. पदविका देणाऱ्या विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं, आणि तो अभ्यासक्रम एनसीटीईनं (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं) शिक्षक-प्रशिक्षण म्हणून मान्य केलेला असणं वेगळं. सरकारी जागेच्या आशेनं करणार असाल तर दुसरी गोष्ट लेखी बघा. माझ्याबरोबरच्या एकीला हे पहिल्या परीक्षेनंतर कळलं, तिनं सोडून दिलं. आणि लहान मुलांबरोबर रोज काम नसेल तर हा अभ्यास नुसत्या पुस्तकातून करू नका. प्रकल्पाला मुलं लागतात, आणि आठवडाभर एकाच मुलाचं खेळणं टिपून ठेवताना जे दिसतं ते एरवी दिसत नाही.

ती फाटकातली आई पालकसभेला पुन्हा आली होती. मुलगा आता घरी स्वतःच्या शर्टाची बटणं लावतो म्हणाली. शेंगांचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. वही मात्र अजून भरायचीच आहे. यंदा एवढंच झालं की मोठ्या बाईंनी ऑगस्टची मुदत दिवाळीपर्यंत नेली.

डिसेंबरच्या पेपरनंतर माझी हिंदी पुस्तकं कुणाला हवी असतील तर देईन. खुणा पेन्सिलीनं केल्या आहेत, खोडता येतील. पोषणाच्या पुस्तकावर आमटी सांडली आहे, ती निघणार नाही.