सेव्हन कप्स: मला सगळ्यात जास्त आवडला तो तिथला "टाइमपास"

सेव्हन कप्स ह्या मानसिक आधाराच्या ॲपबद्दल विचारणारे बरेच जण भेटतात आणि प्रश्न ठरलेला असतो, की तिथे खरंच फुकटात कोणी आपलं ऐकून घेतं का. घेतं. पण ह्या रिव्ह्यूत मला तिथल्या वेगळ्याच भागाबद्दल लिहायचंय ज्याबद्दल कोणी काही बोलत नाही, म्हणजे शब्दांचे खेळ, आइसब्रेकर म्हणजे बोलणं सुरू करून देणारे छोटे प्रश्न, आज काय खाल्लं, पाऊस आवडतो की थंडी, घरातल्या मांजराचे किस्से. नवीन माणूस हे बघतो आणि म्हणतो, अरे इथे लोक डिप्रेशन, अँग्झायटी घेऊन येतात आणि हे काय चाललंय. मला विचाराल तर ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि मी हे ॲप लोकांना सुचवते ते त्यासाठीच.

आधी माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. ग्लेन मोरियार्टी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये हे सुरू केलं. वेबसाइट आहे, ॲप आहे. खरं नाव द्यावं लागत नाही, टोपणनावाने राहता येतं. ज्यांना लिसनर म्हणतात ते स्वयंसेवक असतात, ऐकून कसं घ्यायचं ह्याचं ऑनलाइन ट्रेनिंग करून आलेले, डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हेत, आणि हा फरक पहिल्यापासून डोक्यात ठेवायचा. थेरपिस्टही मिळतात पण त्याचे पैसे पडतात, तेही डॉलरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांसाठी तो विषय तिथेच संपला. १३ ते १७ वयाच्या मुलांचा विभाग मोठ्यांपासून वेगळा ठेवलाय. एकेकट्याने बोलता येतं आणि ग्रुप चॅटच्या रूम आहेत, शिवाय वेगवेगळ्या त्रासांप्रमाणे कम्युनिटी आहेत जिथे सावकाश, आपल्या वेळेत लिहिता येतं. मी बोलतेय ते ह्या ग्रुप आणि कम्युनिटीबद्दल.

आता बघा, अशा ठिकाणी पहिल्यांदा येणाऱ्या माणसासमोर एक रिकामा चौकोन असतो आणि "तुमच्या मनात काय आहे ते लिहा" अशी सूचना. ज्याचं मन भरून आलंय त्याला हे सोपं वाटेल असं आपल्याला वाटतं पण तसं होत नाही ना. डिप्रेशनमध्ये शब्दच सुचत नाहीत, दात घासायला उठणं जड जातं तिथे स्वतःची कहाणी पहिल्यापासून कोण लिहिणार. त्यात आपल्याकडची सवय, की माझं दुःख काही एवढं मोठं नाहीये, लोकांना केवढे केवढे त्रास असतात, मी काय उगाच. मग माणूस चार ओळी टाइप करतो, खोडतो, परत टाइप करतो, परत खोडतो आणि ॲप बंद करतो. कधीकधी कायमचं.

आणि तेवढ्यात समोर प्रश्न दिसला की पोहे का उपमा, तर तो उत्तर देतो. उपमा. संपलं, आला तो आत. कोणीतरी उलट म्हणतं काजू घालतोस का, तो म्हणतो नाही, आई घालायची. ह्या "घालायची" मध्ये किती काय असतं ते वाचणाऱ्याला कळतं, पण त्यावर लगेच कोणी तुटून पडायचं नसतं, त्याने अजून काही सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर उपम्यावरच बोलायचं. मी तिथे बघितलंय की जे लोक आठवडेच्या आठवडे फक्त असल्या हलक्या गप्पांत दिसतात तेच एका रात्री अचानक सगळं लिहितात, आणि लिहितात ते ह्यासाठी की तोपर्यंत समोरची माणसं ओळखीची झालेली असतात. अनोळखी गर्दीत कोण रडतं हो.

ऑनलाइन कुठल्याही गटात बहुतेक लोक नुसते वाचणारे असतात. लोक वेबसाइट कशा वापरतात ह्याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने २००६ मध्ये ह्याचा ९०-९-१ असा नियम मांडला होता, म्हणजे साधारण ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळं लिहितात. मानसिक आरोग्याच्या गटात नुसतं वाचणं वाईट अजिबात नाही, माझ्यासारखं अजून कोणाला होतं हे वाचूनच कित्येकांना श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. पण लिहिणारे मूठभरच राहिले तर त्यांच्यावर ताण येतो, ते दमतात, आणि मग एखाद्याने हिंमत करून काही लिहिलं त्याला दोन दिवस उत्तरच नाही असं होतं. इतर ठिकाणी उत्तर नाही आलं तर आपण विसरून जातो. इथे ते लागतं, फार लागतं, कारण "मी कोणाला नकोय" हे त्या माणसाचं मन त्याला आधीपासूनच सांगत असतं. म्हणून गंमतीचा धागा चालू असला की उत्तर देणाऱ्यांची सवय टिकते, लोक रोज डोकावतात, आणि जड पोस्ट आली तर ती बघायला कोणीतरी जागं असतं. मला हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

डिप्रेशनच्या उपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणून एक पद्धत आहे, १९७० च्या दशकात पीटर लेविनसन ह्या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलेली. त्यातला गाभा असा की मूड सुधारायची वाट बघत बसायचं नाही, आधी छोटी जमेल तशी कृती करायची, त्यातून थोडं बरं वाटतं, मग पुढची करायची. शब्दांची साखळी पुढे नेणं ही काही थेरपी नाही, तसं कोणी समजू नये, पण दिवसभर अंथरुणात असलेल्या माणसाने एक शब्द टाइप केला आणि तो वाचून कोणाला हसू आलं, ह्याला छोटी कृती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

अर्थात सगळी गंमत सारखी नसते आणि इथे रूम चालवणाऱ्या होस्टची खरी कसोटी लागते. चांगला होस्ट प्रश्न असा विचारतो की उत्तर एका शब्दात देता येईल, आणि त्याला बरोबर-चूक नसेल. "तुमच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस कोणता" हा वरवर छान प्रश्न आहे पण तो ह्या जागेसाठी चुकीचा आहे, कारण कोणाला असा दिवसच आठवत नसतो किंवा आठवतो पण त्या दिवसातलं आपलं माणूस आता नसतं. सणाचे प्रश्न तसेच, दिवाळीला घरी काय प्लॅन हे विचारलं की ज्याचं घर तुटलंय तो गप्प होतो. त्यापेक्षा चकली आवडते की शेव हे बरं. वजन, डाएट, जिमवरची गंमत नको कारण खाण्याचे आजार असलेले लोक त्याच खोलीत असतात. दारूवरचे जोक नको. आणि "वेडा" "सायको" असले शब्द चेष्टेत पण नको. एखादा स्वतःच्या आजारावर स्वतः विनोद करतो ते वेगळं, त्याला तो हक्क आहे, बाकीच्यांनी त्याच्यासोबत हसावं पण त्याच्या पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ चालू असताना मधेच कोणी लिहितं, मला आज जगावंसं वाटत नाहीये. आता काय? कच्चा होस्ट एकतर गोंधळून खेळ रेटत राहतो किंवा सगळी रूम त्या एका माणसाकडे वळवतो, सगळे एकदम सल्ले द्यायला लागतात आणि तो बिचारा घाबरून निघून जातो. चांगला होस्ट त्याला नावाने हाक मारतो, वाचलं म्हणून सांगतो, वेगळं बोलायचं का विचारतो, हेल्पलाइनची माहिती देतो आणि बाकीच्यांसाठी खेळ हळू करून चालू ठेवतो. चालू ठेवणं पण गरजेचं असतं, कारण त्याच खोलीत अजून दहा जण काठावर बसलेले असतात. आणि सेव्हन कप्स ही आत्महत्येच्या संकटात वापरायची जागा नव्हे, अशा वेळी ते स्वतःच क्रायसिस लाइनकडे पाठवतात. हे बरोबर आहे, स्वयंसेवकावर ते ओझं टाकूच नये.

"पॉझिटिव्ह राहा" ही सक्ती मात्र मला कुठेच चालत नाही. घरी आपण ऐकतोच की मन रमव कशाततरी, सगळं ठीक होईल. हलक्याफुलक्या गप्पांचा तसा अर्थ झाला तर सगळंच फुकट गेलं. तिथे "आज एका शब्दात कसं वाटतंय" विचारलं आणि कोणी "दगड" लिहिलं तर दगड हेच उत्तर, त्याला फूल करायला जायचं नाही. पुढचा माणूस म्हणाला "मी पण, पण ओला दगड" आणि मग पाच-सहा जणांनी आपापले दगड सांगितले, काळा, शेवाळ लागलेला, नदीतला. सगळे हसत होते आणि कोणाचं दुःख खोटं ठरवलं नव्हतं. असा संवाद घडायला होस्टच्या अंगात धीर लागतो.

पॉइंट आणि बॅजेसबद्दल माझं मत मिश्र आहे. सेव्हन कप्समध्ये ग्रोथ पाथ आहे, छोट्या छोट्या पायऱ्या, केल्या की पॉइंट मिळतात, लिसनरला कंपॅशन हार्ट्स मिळतात. ज्याला दिवसभरात काहीच पूर्ण केल्यासारखं वाटत नाही त्याला ती एक टिक खरंच उभारी देते. पण जिथे आकडे येतात तिथे तुलना पण येते आणि तुलनेनेच आजारी पडलेले लोक इथे असतात. मी नवीन लोकांना सांगते की पहिले काही दिवस आकड्यांकडे बघूच नका.

अडचणी काय? भाषा. लिसनर निवडताना भाषा बघता येते पण ग्रुपमधला बहुतेक सगळा कारभार इंग्रजीत आणि खेळ पण इंग्रजीतले, तिकडच्या टीव्ही मालिका, तिकडचे खाऊ. गंमत हा प्रकार भाषेला चिकटलेला असतो, दुःख एकवेळ मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगता येतं पण टोमणा आणि कोटी नाही जमत. दुसरं वेळेचं, न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, म्हणजे त्यांच्या गर्दीच्या वेळेला आपण झोपायला हवं. झोपेचा त्रास असलेल्यांनी हे फार सांभाळायचं, गप्पांच्या नादात रात्री दोन वाजवून उपयोग नाही. आणि लिसनर शेवटी स्वयंसेवक आहेत, कोणी फार छान असेल, कोणी नवखा, नाही जमलं तर दुसरा निवडायचा, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं नाही.

ह्याच प्रकारातली अजून दोन नावं, म्हणजे तुलना करता येईल. ब्रिटनमधल्या माइंड ह्या संस्थेचं साइड बाय साइड, त्याचं आधीचं नाव एलेफ्रेंड्स होतं आणि तिथे चिन्ह म्हणून एक हत्ती होता, त्या हत्तीमुळे नियमांच्या सूचनासुद्धा जरा मऊ वाटायच्या. आणि टुगेदरऑल, २००७ साली बिग व्हाइट वॉल नावाने सुरू झालेलं, त्यात चित्र आणि शब्द जोडून "वीट" बनवून भिंतीवर लावता येते, ज्याला लिहायला जमत नाही त्याच्यासाठी ही कल्पना मला फार आवडली. तिथे प्रशिक्षित लोक चोवीस तास लक्ष ठेवून असतात. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी स्वतःच्या युनिव्हर्सिटीत चौकशी करावी, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्या विद्यार्थ्यांसाठी टुगेदरऑल घेऊन ठेवतात आणि मुलांना ते माहीतच नसतं.

मराठीत असं काही नीट उभं राहिलं तर केवढं होईल हे मला सारखं वाटतं. आपल्याकडे सामान तयार आहे. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर मराठीत बोलतेय, पुण्याच्या मुक्तांगण ह्या केंद्राने १९८६ पासून व्यसनमुक्तीत गाणी, खेळ, गप्पा हे सगळं उपचाराच्या जोडीला वापरलंय, म्हणजे हसणं आणि बरं होणं एका छताखाली बसतं हे आपल्याला नवीन नाही. ऑनलाइन गट चालवणाऱ्यांनी फक्त ते उचलायचंय. भेंड्या घ्या, अर्धी म्हण देऊन पुढची लोकांना बनवू द्या, गावाकडचा एक शब्द टाका आणि अर्थ ओळखायला लावा, तुमच्या स्टँडवरच्या एसटीची पाटी काय ते विचारा. रोज एकाच वेळेला, अर्धा तास, एक ठरलेला माणूस. गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड बंद. आणि ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला उत्तर गेल्याशिवाय रूम बंद करायची नाही, हा नियम तर भिंतीवर लिहून ठेवा.

माझे सेव्हन कप्सला पाचपैकी चार. एक कापला तो भाषेसाठी. इंग्रजी वाचता येत असेल, त्रास मध्यम असेल, एकटेपणा जास्त छळत असेल तर जरूर बघा. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना सांगून जोडीला वापरा, गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. जीव नकोसा वाटत असेल तर ॲप उघडत बसू नका, १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा, केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आणि पहिल्यांदा जाणार असाल तर माझं ऐका, टोपणनाव असं घ्या की ऑफिसातलं किंवा घरातलं कोणी ओळखणार नाही, फोन नंबर, गाव, कंपनी कोणालाच सांगू नका, कितीही गोड बोलला तरी. पहिले एकदोन दिवस फक्त वाचा. मग एखादी खेळाची रूम शोधा आणि एक शब्द टाका, कहाणी नको, फक्त एक शब्द. उत्तर नाही आलं तर ते तुमच्यामुळे नाही, रूम रिकामी असेल, दुसऱ्या वेळेला जाऊन बघा.