मानेच्या नसेचं ऑपरेशन की स्टेंट? बाबांच्या वेळचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)
बाबा ७४ वर्षांचे. सकाळी चहा पिताना कप हातातून निसटला, उजवा हात लुळा, बोलणं बोबडं आणि दहा मिनिटांत सगळं परत ठीक, म्हणून स्वतःच म्हणाले पित्त झालं असेल. पित्त कसलं, मिनी स्ट्रोक होता तो. डॉपलर (नसांची सोनोग्राफी), मग सीटी अँजिओ (नसांचा स्कॅन), मानेतली डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी नस, ८० टक्के ब्लॉक.

पहिल्या हॉस्पिटलात (नाव नको) म्हणाले स्टेंट टाकूया, कापाकापी नाही, दोन दिवसांत घरी. आम्ही जवळजवळ तयारच होतो कारण आमच्या काकांना स्टेंटच टाकलाय आणि ते मस्त फिरतात. पण दुसऱ्या ठिकाणच्या व्हॅस्क्युलर सर्जननी सांगितलं की काकांची केस वेगळी, तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन झालेलं, तिथे चाकू लावणंच अवघड. बाबांचं तसं काही नाही, मानेला छेद देऊन नस आतून साफ करता येईल. उलट या वयात नसा वाकड्यातिकड्या आणि कडक झालेल्या, मांडीतून वायर वर नेताना आतला कचरा सुटून मेंदूत जाऊ शकतो, छत्रीसारखा फिल्टर लावतात तरीपण. क्रेस्ट म्हणून अमेरिका-कॅनडातला २०१० चा अभ्यास आहे, २५०२ पेशंट, त्यात प्रोसीजरच्या आसपासचे स्ट्रोक स्टेंटमध्ये ४.१ टक्के आणि ऑपरेशनमध्ये २.३. हार्ट अटॅकचं मात्र उलटं, स्टेंटला १.१ आणि ऑपरेशनला २.३. साधारण सत्तरीनंतर ऑपरेशनचं पारडं जड होतं, आणि बाबांचं हार्ट चांगलं, मग ठरलंच.

एक प्रश्न मी दोन्हीकडे विचारला, तुम्ही वर्षाला असे किती करता आणि त्यात किती जणांना स्ट्रोक झाला? या दुसऱ्या सर्जननी शांतपणे आकडे सांगितले. पहिल्या ठिकाणी "गूगल वाचून आलात का" ऐकावं लागलेलं, तिथेच माझं मन उठलं होतं खरंतर.

मिनी स्ट्रोकनंतर दोन आठवड्यांच्या आत झालेलं बरं म्हणून सहाव्या दिवशी ऑपरेशन. फक्त मान बधिर केलेली, बाबा जागे, उजव्या हातात रबरी बॉल. नसेला क्लॅम्प लावल्यावर हात चालतोय का बघायला तो दाबत राहायचा, बाबा म्हणे मी मधेमधे मुद्दाम जोरात दाबत होतो, त्यांना टेन्शन नको! आतून काढलेला पिवळा थर नंतर आम्हाला डबीत दाखवला, बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी घरी. एक स्टार कापला तो इन्शुरन्सच्या काउंटरसाठी, डिस्चार्जचा कागद सकाळी ११ ला आणि आम्ही बाहेर पडलो संध्याकाळी ६ ला. आवाज तीन आठवडे घोगरा होता, तिथल्या नर्व्ह दुखावल्या की होतं असं, ते आधी सांगितलेलं त्यामुळे घाबरलो नाही. जबड्याखाली बधिरपणा अजून आहे, दाढी करताना कापलं तरी बाबांना कळत नाही, रक्त आईला दिसतं. शेवटी इलेक्ट्रिक शेव्हर घेतला.