रिले एकशे ऐंशीची, बिल साडेचौदा हजारांचं

मे महिन्यात सिन्नरहून येताना गाडीचा एसी अचानक गेला. ब्लोअर जोरात, पण हवा गरम. मागे आई बसलेली, ऊन चाळिशीच्या घरात. नाशिकरोड सोडल्यावर जे पहिलं गॅरेज दिसलं, तिथेच गाडी घातली. घाई नडली ती इथे.

मेकॅनिकने गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावलं. इंजिन सुरू, एसीचं बटण दाबलेलं, आणि कमी प्रेशरचा निळा, जास्त प्रेशरचा लाल, दोन्ही काटे एकाच आकड्यावर, शंभराच्या थोडे वर. "बघा साहेब, लाल काटा चढतच नाही. कॉम्प्रेसर गेला." मी मान डोलावली. काटा काही खोटं बोलत नाही, असं आपल्याला वाटतं. काटा खरंच खोटं बोलत नव्हता!

रिकंडिशन कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी धरून १४,५०० रुपये. संध्याकाळी एसी गारेगार. पैसे यूपीआयने दिले, बिल म्हणून वहीचं पान मिळालं, त्यावर गॅरेजचं नावसुद्धा नाही. जुना कॉम्प्रेसर मागितला तर "तो एक्स्चेंजमध्ये गेला."

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी सोसायटीतल्या रिक्षावाल्या काकांनी सिडकोतल्या एका वायरिंगवाल्याकडे धाडलं. त्याने गेज काढलंच नाही. मला बटण दाबायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये कान लावून उभा राहिला. कॉम्प्रेसरला फिरत्या पुलीशी जोडणारा क्लच ओढला की 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीच्या तोंडावरची प्लेट फिरायला लागते. आमची पुली फिरत होती, प्लेट ढिम्म. फ्यूज शाबूत. मग त्याने एसीची रिले, म्हणजे क्लचला करंट सोडणारा डबीएवढा स्विच, उपटली आणि तिच्या जागी हॉर्नची खोचली. दोन्ही एकाच जातीच्या होत्या. टक्! एसी सुरू, हॉर्न मुका.

काढलेली रिले त्याने माझ्या हातावर ठेवली. टोपणाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, आत करंट जोडणारे पॉइंट काळे पडलेले आणि पॉलिश पेपरने घासलेले. म्हणजे त्या पठ्ठ्याला दोष सापडला होता. पॉइंट घासून त्याने एसी चालू केला आणि पैसे कॉम्प्रेसरचे घेतले. टॉर्च मारून खाली पाहिलं, तर कॉम्प्रेसर आमचाच, वरून पुसलेला. बोल्टच्या खाचांत कित्येक वर्षांचा चिखल तसाच. त्यांना पाना लागलाच नव्हता.

गेजचं कोडंही वायरिंगवाल्यानेच उलगडलं. क्लच ओढत नसेल तर कॉम्प्रेसर नुसता उभा असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखंच दिसणार. गॅस संपला असता तर काटे शून्याकडे लोळले असते. दोन्ही काटे शंभराच्या वर आहेत म्हणजे गॅस आहे, करंट पोचतोय का ते आधी बघा. तेव्हा गेज लावायच्या आधी ते 'टक्' ऐका, आणि काढलेला पार्ट डिकीत पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवी रिले १८० रुपये. मजुरी त्याने घेतली नाही, चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजात गेलो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनवर काढून ठेवला होता, पण दाखवायला कागद कुठला? ते वहीचं पान? मालकाने जुनी रिले उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, एसी गार झाला होता की नाही?"

झाला होता.